चेंडू तेव्हा निघून गेला होता

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या सरपंच आदरणीय गीताबाई पष्टे. कल्याणहून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे, फुटबॉलचे अनुभवी पंच माननीय किशोर धानके. व्यासपीठावर माझ्या डाव्या हाताला बसलेले मंडळाचे खजिनदार आणि माझे बालमित्र गणू मेंगाळ. आजचे सत्कारमूर्ती, आपल्या वाडीचा पहिला व्यावसायिक खेळाडू चिरंजीव ऋतिक शिद. पुढच्या खुर्चीचा एवढा आग्रह करूनही खांबाला टेकून बसलेले त्याचे वडील कमळू. त्यांच्या मातोश्री धोंडीबाई. आणि खर्डी पंचक्रोशीतून आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या माधुरीने मघाशी माझी ओळख करून देताना मला ‘फुटबॉल प्रशिक्षक’ म्हटलं. तिच्या प्रेमाबद्दल आभार, पण दुरुस्ती करतो. प्रशिक्षक म्हणायला प्रमाणपत्र लागतं, ते माझ्याकडे नाही. स्टेशनकडच्या रस्त्यावर माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, ग्रिल आणि शटर करतो. आपल्या मैदानावरचे दोन्ही गोलपोस्ट माझ्या हातचे आहेत आणि आतून मोजले तर ते नियमात बसतात. बाहेरून मोजणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. खेळाचे नियम मी शब्दकोश शेजारी ठेवून स्वतः वाचले, एका ओळीला कधी एक संध्याकाळ लागली. पण जे वाचलं ते पक्कं वाचलं. किशोरराव, आज बोलताना एखाद्या नियमात चुकलो, तर संकोच न करता मला इथेच थांबवा.

ऋतिक सात-आठ वर्षांचा असल्यापासून मी त्याला बघतोय. त्याचा पहिला बूट कुणी दिला, तो मुंबईच्या निवड चाचणीला कसा गेला, हे सगळं माझ्या आधीच्या वक्त्यांनी सुंदर सांगितलं. मी ते पुन्हा सांगत नाही. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे छापलं आहे, ‘ठराव मांडणे’. ठराव असा, की आपल्या ऋतिकवर हंगाम संपेपर्यंत घातलेली बंदी अन्यायकारक आहे, ग्रामीण भागातला मुलगा म्हणून त्याला वाईट वागणूक मिळाली, तरी ती बंदी निम्मी करावी, अशी शिस्तपालन समितीला विनंती. कमळूने स्वतः घरोघर फिरून या ठरावाला पाठिंबा मिळवला. बापाची माया आहे, मी तिला हात जोडतो.

पण मंडळी, तो ठराव मी मांडणार नाही.

जरा शांत राहा. बसा, बसा. अध्यक्षबाई, मला बोलायची परवानगी आहे ना? ... आभारी आहे. मागून कोण म्हणालं, ‘भाऊ, तुमी आमचे का मुरबाडवाल्यांचे?’ आवाज ओळखला मी. बस रे बाबा, तुझ्या दुकानाचं शटर मीच लावलंय. मी कुणाचा, हे तुला शेवटी कळेल. तोवर ऐक.

त्या दिवशी काय झालं, ते आपण सगळ्यांनी मोबाईलवर बघितलं. ऋतिकच्या क्लबसमोर दुसरा क्लब, आणि त्या क्लबात उजव्या बाजूने पळणारा मनोज बांगर. मनोज आपल्या शेजारच्या तालुक्याचा, मुरबाडपलीकडच्या टोकावड्याचा. एवढ्या मोठ्या मुंबईच्या मैदानावर आपल्या डोंगराच्या दोन बाजूंची दोन पोरं समोरासमोर होती. खरं तर त्या दिवशी आपण दोन्ही तालुक्यांनी मिळून पेढे वाटायला हवे होते.

आपल्याकडे फिरलेली क्लिप कुठे सुरू होते? मनोजचं कोपर ऋतिकच्या छातीला लागतं तिथे. आणि संपते कुठे? ऋतिक दोन्ही हात वर करून पंचांना सांगतो, ‘मी काही केलं नाही’, तिथे. मधलं सगळं कापलेलं. मला एक सवय आहे. कुणी कापलेला पाइप आणून दिला, की उरलेला तुकडा कुठे आहे ते मी विचारतो. म्हणून मी तो अख्खा सामना बघितला. मग तो धडकेचा क्षण अगदी सावकाश करून बघितला, पुन्हा पुन्हा बघितला.

कोपर लागलं, हे खरं आहे. पण ते पूर्वार्धात, आणि त्याबद्दल पंचांनी मनोजविरुद्ध फ्री किक दिली. तो हिशेब तिथेच मिटला. त्यानंतर मनोजने ऋतिकला दोनदा चकवलं. दुसऱ्यांदा तर असं, की आपला पोरगा घसरून बसला आणि प्रेक्षक हसले. ऋतिकच्या क्लबच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, ते रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ ऐकू येतं, ‘थांबव त्याला, कसंही करून थांबव!’ आणि मनोज तिसऱ्यांदा आला. त्याने चेंडू पुढे ढकलला. चेंडू त्याच्या पायापासून निघाला, ऋतिकच्या समोरून गेला, रेषेकडे गेला. आणि मग ऋतिकने दोन्ही पाय उचलून उडी घेतली.

आपल्या गावात गेले काही दिवस ऋतिकच्या पायाबद्दल एकच वाक्य फिरतंय, ‘आधी चेंडूला लागला’. नाही लागला. चेंडू तेव्हा निघून गेला होता. तिथे फक्त मनोजची नडगी होती.

किशोरराव, तपासून घ्या. नियमात तीन पायऱ्या आहेत. खेळाडू निष्काळजी असला तर फ्री किक. समोरच्याला धोका आहे याची पर्वा न करता खेळला, तर पिवळं कार्ड. आणि गरजेपेक्षा जास्त ताकद लावून समोरच्याचा जीव धोक्यात घातला, तर लाल कार्ड. बरोबर? ... पाहुणे मान हलवताहेत, नोंद घ्यावी. चेंडूला आधी लागला का, हा प्रश्न तिसऱ्या पायरीवर कुणी विचारत नाही. मोटारसायकलवाल्याने हॉर्न वाजवला होता म्हणून उडवलेला माणूस आपोआप उठून उभा राहत नाही.

मनोजच्या नडगीची दोन्ही हाडं मोडली. आत सळई घातली आहे. ऋतिकची बंदी उन्हाळ्यात संपेल, तारीख ठरलेली आहे. मनोजची बंदी कधी संपेल, हे डॉक्टरसुद्धा सांगत नाहीत. आणि ती निम्मी करा म्हणून त्याने कोणत्या समितीकडे जायचं?

आता कुणी म्हणेल, खेळात लागतं, आपल्याकडे काय कमी पाय मोडले? मोडले. म्हणून तर मला आपलीच गोष्ट आठवली. नव्या पोरांना ती माहीत नसेल.

आपल्याकडे मैदान नव्हतं तेव्हा भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात फुटबॉल व्हायचा. धसकटं पायाला टोचायची, तरी व्हायचा. आणि त्या खेळाचा एकच कायदा होता, तो कुणी लिहिला नव्हता. ज्याच्या पायाने गडी पडला, त्याने त्या गड्याच्या घरी त्याच्या जागेवर राबायचं. तो उठून कामाला लागेपर्यंत. याला आपण गडी भरणं म्हणत होतो. चूक होती का नव्हती, यावर वाद नाही, पंचायत नाही. घरातला एक हात कमी झाला, तो तू भर.

एका हिवाळ्यात एका जवान पोराने दुसऱ्याचा घोटा मोडला. मोडणारा, कमळू शिद. ज्याचा मोडला तो इथे माझ्या शेजारी बसला आहे. गणू, पाय आत घेऊ नकोस, लोकांना दिसू दे. थंडी पडली की अजून तो घोटा धरतो.

तेव्हा गणूच्या खळ्यावर भाताचे भारे येऊन पडले होते, झोडणी बाकी होती. कमळू घरी गेला आणि आईला म्हणाला, ‘आये, मी नाय केला मुद्दाम. आधी चेंडूला लागला.’ वाक्य ओळखीचं वाटतंय ना? त्यावर धोंडीबाई काय म्हणाल्या, हे मी तिथे दारात उभा राहून ऐकलं आहे. ‘चेंडू बोलतो का रे? गणूचा पाय बोलतो. जा.’

कमळू गेला. खळ्यावर गणूची आई, आपली सकुबाई. आज ती नाही, पण तिची जीभ कोण विसरेल? ती म्हणाली, ‘आलास? ये. भाकर तुलापन मिलंल. पन बोलनार नाय मी तुज्याशी.’ आणि नाही बोलली. झोडणी झाली, वाऱ्यावर धरून वारवणी झाली, भात घरात गेलं, पेंढा रचून झाला. सकुबाईने रोज भाकरी वाढली, तोंडातून शब्द काढला नाही. गणू खाटेवर पडून बघायचा आणि मुद्दाम हाका मारायचा, ‘अरे कमळ्या, नीट झोड, दाना ऱ्हातोय!’

शेवटच्या दिवशी कमळू निघाला तेव्हा सकुबाईने त्याला थांबवलं. म्हणाली, ‘गणूला इचार, परत खेळशील का माज्यासंगं.’ कमळूची मान वर होईना. शेवटी गणूच खाटेवरून म्हणाला, ‘खेळीन. पन तुज्या टीमीत. तुज्या समोर नाय!’

हसा, हसा. गणूही हसतोय. पण त्यानंतरची सगळी वर्षं ही दोन माणसं एका बाजूने खेळली, हे विसरू नका. कमळूला गावाने टाकलं नाही, त्याच्या नावाने बोटं मोडली नाहीत. का? कारण त्याने आपली शिक्षा पुरी केली होती. त्याला खाली बघायचं काही उरलं नव्हतं. कमळू, तेव्हा आम्ही मित्रांनी सकुबाईला जाऊन सांगितलं असतं, की पोराला अर्धीच झोडणी करू दे, तर तू आज गणूच्या डोळ्याला डोळा देऊ शकला असतास का? उत्तर देऊ नकोस. फक्त इकडे बघ. ... बरं, नको बघू. मी पुढे जातो.

गेल्या आठवड्यात मी टोकावड्याला गेलो होतो. शहापूरहून मुरबाड आणि तिथून पुढे दुसरी एसटी. हातात पेढ्यांचा पुडा. मनोजच्या आईचं नाव चंद्रकलाबाई. पुडा बघून त्या म्हणाल्या, ‘पेढे कशाला? लगीन हाय का कुनाचा?’ मी पुडा पिशवीत परत ठेवला. पडवीत मनोज खाटेवर होता, पाय उशीवर. चंद्रकलाबाई म्हणाल्या, ‘ह्यो बघा आमचा राजा. भात पिकलाय, ह्याचा बाप एकटाच इळा घेऊन जातो, आन् ह्यो पाय वर करून बसलाय.’ मनोज हसला. हसताना त्याचा पाय हलला, आणि त्याचं हसू कसं थांबलं ते मी बघितलं.

मग त्याने मला विचारलं, ‘भाऊ, ऋतिक नाय आला?’

मी म्हटलं, घाबरतो तो.

‘घाबरायचा काय? मी काय उठून मारनार हाय त्याला?’

मी त्याला ठरावाचं सांगितलं. लपवून ठेवणं बरोबर नव्हतं. त्याने उशीवरचा पाय दोन्ही हातांनी सरळ केला. मग म्हणाला, ‘करा ना. तुमचा पोरगा हाय. पन माजा हंगाम कोन परत देतो ते पन इचारा त्या समितीला.’ मुरबाडची काही पोरं ऋतिकवर जन्माची बंदी मागतात, तेही त्यानेच सांगितलं, आणि पुढे म्हणाला, ‘मी त्यांना नाय म्हनलो. जन्माची कशाला? चांगला खेळतो त्यो. मला त्याला अजून एकदा चकवायचाय.’

मंडळी, ज्याचा पाय मोडला त्याला शिक्षेचं माप कळतं. जन्माची जास्त, आणि निम्मी कमी. आपल्याला ते का कळू नये?

निघताना मी चंद्रकलाबाईंना विचारलं, आमच्या गावाने तुमच्यासाठी काय करावं? त्यांनी गडी भरण्याचं नाव घेतलं नाही, त्यांच्याकडे तो शब्द आहे की नाही, मला ठाऊक नाही. त्या एवढंच म्हणाल्या, ‘कागद नको. पेढे नको. त्याला पाठवा. आमाला त्याचा तोंड बघूंदे.’

आता मघाच्या प्रश्नाचं उत्तर. मी कुणाचा? परवा दुपारी ऋतिक माझ्या दुकानात आला. मी वेल्डिंग करत होतो. तो उभा राहिला, ठिणग्यांकडे नुसत्या डोळ्यांनी बघत. मी ओरडलो, ‘डोळे सांभाळ रे!’ मशीन बंद केलं. तेव्हा तो म्हणाला, ‘भाऊ, ठराव थांबवा.’

मी विचारलं, का?

‘मला म्हाईत होता चेंडू गेला. मी बघितला त्याला जाताना. तरी गेलो.’

एवढं म्हणून तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, ‘समोरच्या क्लबवाले मला वाईट बोलतात ना, तो मला सोसतो. पन गावात सगळे म्हनतात, ऋतिकचा काय चुकला? तेव्हा मला वाटतो, मी एकटाच हाय ज्याला म्हाईत हाय. बंदी कमी झाली, तर मी परत मैदानात कसा उतरू? सगळे बघतील, मला माफ केला. मनोजनी नाय केला, कागदानी केला.’

मी म्हटलं, हे बापाला सांग. म्हणाला, ‘बाबा दारोदार फिरले. त्यांना कसा सांगू? तुमी सांगा.’

कमळू, म्हणून मी सांगतो आहे. मी ऋतिकच्या बाजूने बोलतो आहे. त्याने सांगितलं म्हणून बोलतो आहे.

एक गोष्ट मात्र मलाही खटकली, आणि प्रमुख पाहुण्यांसमोर ती नोंदवून ठेवतो. शिक्षा एकट्या ऋतिकला झाली. बाकावरून ‘कसंही करून थांबव’ म्हणणाऱ्या माणसाला कुणी काही विचारलं नाही. समितीला पत्र लिहायचंच असेल, तर हे लिहू या. शिक्षा कमी करा, असं न लिहिता, ती ज्याच्या-ज्याच्या वाट्याची आहे त्याला द्या, असं लिहू या. आणि ते लिहिताना आपलीही एक ओळ त्यात घालू या. आपल्या मैदानाच्या कडेला उभं राहून, बिडी पेटवता पेटवता, ‘आडवा कर रे त्याला!’ असं कोण ओरडतं? पोरं तोच आवाज कानात घेऊन मुंबईला जातात. यापुढे हा शब्द मैदानावर ऐकू आला, तर ओरडणाऱ्याला मी बाहेर काढीन. त्याचं शटर मी लावलेलं असलं तरी.

सरपंचबाईंना माझी विनंती आहे, कार्यक्रमपत्रिकेवर ‘सत्कार’ छापलं आहे, तो आज होऊ नये. सत्काराला वेळ आहे. त्याऐवजी आज निरोप देऊ या. उद्या सकाळी पहिल्या एसटीने ऋतिक टोकावड्याला निघतो आहे. क्लबकडे आता त्याला काम नाही, मनोजच्या शेतात आहे. कापणी, मग झोडणी, भात घरात जाईपर्यंत. तो जातो म्हणाला, मी पाठवलेला नाही. एकटाच जातो म्हणाला. मी त्याला एवढंच सांगितलं, की तिथे गेल्यावर पहिल्या दिवशी कुणी बोललं नाही, तर भाकरी सोडून उठायचं नाही. तुझ्या बापाने सोडली नव्हती.

ऋतिक, हा नारळ घे. चंद्रकलाबाईंच्या हातात दे. शाल मात्र मी देत नाही, कापणीला शाल पांघरून कुणी जात नाही. ती आपण घडी करून मंडळाच्या कपाटात ठेवू. मनोज धावायला लागेल त्या दिवशी त्याला इथे बोलावू, तेव्हा तिच्या जोडीला दुसरी आणू. आणि दोघांना एका बाजूने खेळवू. गणू-कमळूसारखं.

आणखी एक. मी मघापासून बघतोय, खांबाजवळची जागा रिकामी आहे. कमळू उठून गेला. मला वाटलं, रागावला. ... आला, आला, तो बघा, दारातून येतोय. हातात काय आहे ते मागच्यांना दिसत नसेल, मी सांगतो. विळा आहे. घर इथून चार पावलांवर, नव्या मुठीचा विळा घेऊन आलाय. कमळू, पोराला दे. मला नको देऊ, त्याला दे. ... काय म्हणालास? मोठ्याने बोल. ‘धार लावलीय. पन टोकावड्याला गेल्यावर परत लाव.’ ऐकलंत सगळ्यांनी? ठराव मागे घेतला, असा याचा अर्थ मी लावतो. अध्यक्षबाई, तशी नोंद व्हावी.

मंडळी, तुम्ही मला एवढा वेळ ऐकून घेतलंत, मध्येच उठून गेला तो फक्त एक जण, आणि तोही परत आला. व्यासपीठावरच्या सर्व मान्यवरांचे, मंडपवाल्यांचे, चहा करणाऱ्या भगिनींचे मी मनापासून आभार मानतो. प्रमुख पाहुण्यांनी मला एकदाही थांबवलं नाही, त्यांचे विशेष. मी शिकलेला वक्ता नाही, शब्द कुठे जास्त जोरात गेला असेल. माझ्या बोलण्याने कुणाच्या मनाला लागलं असेल, तर मला क्षमा करा असं नुसतं तोंडाने म्हणून मी खाली बसणार नाही. माझ्या घरीही विळा आहे. कापणी सुरू झाली की निरोप धाडा, तुमच्या शेतावर मी येईन.

नमस्कार.